बी आणि सी

मुकुलच्या आई भागीरथीबाई टिटवाळ्याहून विनिताकडे आल्या त्या पिशवीत अपघाताचा चौकशी अहवाल घेऊनच. चौऱ्याण्णव पानं, सगळी इंग्रजीत. वर्तकनगरच्या दोन खोल्यांत विनिता वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांचा लेखी अभ्यास घ्यायची. मुकुल तिथे दीड वर्ष शिकला होता आणि गेल्या श्रावणात छोट्या विमानाचा सहवैमानिक म्हणून डोंगरावर आदळून गेला होता.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आधी नवऱ्याचं सांगितलं. अपघातानंतर कोणीतरी साईनाथरावांच्या कानावर घातलं होतं की पोरांनी उंचीचा आकडा चुकवला. तेव्हापासून त्यांनी घरात मुकुलचं नाव घेतलं नव्हतं. फोटोलाही हार घालू दिला नव्हता. विमानात आणखी चार माणसं होती, त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं, एवढंच म्हणायचे.

"मॅडम, मला एकच सांगा. त्याची चूक होती का?"

विनिताने अहवाल आठवड्यापूर्वीच वाचला होता, दोनदा. तिने कागदावर धावपट्टी काढली. ढगांतून उपकरणांच्या भरवशावर खाली यायचं, पट्टी दिसली की तिला वळसा घालून दुसऱ्या टोकाने उतरायचं. हा वळसा घालताना किती खाली यायचं याचे आकडे ठरलेले असतात आणि ते वेगाप्रमाणे बदलतात. हळू विमानांचा गट ए, मग बी, सी, डी. वेग जास्त तर वळण मोठं, आणि मोठ्या वळणात लांबचे डोंगरही येतात, म्हणून वरच राहायचं.

"कल्याणच्या पुलावरून बस वळते आणि रिक्षा वळते, तसं," भागीरथीबाई म्हणाल्या.

"हो, तसंच."

त्यांचं विमान बी गटातलं. पण त्या दिवशी पंखांच्या मागच्या, विमान हळू उडू देणाऱ्या पट्ट्या पूर्ण उघडल्या नाहीत, त्यामुळे वेग जास्त ठेवावा लागला. म्हणजे आकडा सी चा घ्यायला हवा होता, दीडशे फूट वरचा. कॅप्टनने बी चाच धरला.

"आणि माझा मुकुल?"

विनिताने कागदावरचा हात काढला. एक्काहत्तराव्या पानावर विमानातलं बोलणं होतं. ते वाचलं नाही तर ही बाई निदान मुलाला काही कळलंच नाही, अशा समजुतीत परत जाईल. वाचलं तर तो निर्दोष ठरेल. पण मग बाकीचंही सांगावं लागेल. तिने ते पान उघडलं. मग वाचलं.

"मुकुल म्हणाला, 'सर, आपला वेग वाढलाय, सी ची उंची घेऊ या का?' कॅप्टन म्हणाले, 'परीक्षा संपली बाळा तुझी. पट्टी दिसतेय मला.'"

"मग?"

"मग तो काही बोलला नाही."

"किती वेळ?"

"विमान आदळेपर्यंत. अडतीस सेकंद."

भागीरथीबाईंनी ओठ हलवत काहीतरी मोजलं. तीसपर्यंत गेल्या असतील, मग थांबल्या.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं."

विनिता हो म्हणाली. विमानात दुसऱ्यांदा सांगायचं, तेही चढ्या आवाजात, आणि तरी ऐकलं नाही तर विमान चालवायची दांडी आपल्या हातात घ्यायची, हे तिने वर्गात शिकवलं होतं. मुकुलने ते वहीत लिहूनही घेतलं होतं. हे ती बोलली नाही, पण भागीरथीबाईंनी स्वतःच विषय काढला.

"मोठ्यांना एकदा सांगावं, परत परत बोलू नये. हे आमच्याकडचं. बापाशी वाद घातला म्हणून मीच एकदा त्याला दोन दिवस जेवायला हाक मारली नव्हती."

"ताई, ते वेगळं."

"वेगळं कसं? बोलणारा तोच ना."

 भागीरथीबाईंनी पिशवीतून पेन काढून पुढे केलं. मुकुलचं ते वाक्य मराठीत लिहून हवं होतं, अहवालाचा पान क्रमांक घालून आणि खाली विनिताची सही घेऊन. साईनाथरावांना छापील पुरावा लागायचा, पण शिकलेल्या माणसाच्या सहीवरही ते विश्वास ठेवत.

विनिताने वाक्य लिहिलं, सही केली. खाली कॅप्टनचं उत्तर लिहायला घेतलं, तेव्हा भागीरथीबाईंनी कागदावर बोट ठेवलं.

"ते नको. मग मुकुल पुढे काय म्हणाला, असं त्याचे बाबा विचारतील. त्यांना पोरगा बरोबर होता एवढं कळलं की पुरे. गप्प बसलेला मला एकटीला कळू दे."

त्यांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला. अहवाल मात्र टेबलावरच राहू दिला, आणि घरी नेणार नाही, असं सांगून उठल्या.