मुक्ताबाईंनी पुणं दाखवलं

"आत्याबाई, यात वाडा कुठी हाये?" तिकिटं खिशात कोंबत शंभूने विचारलं.

मुक्ताबाईंनी समोर पाहिलं. दरवाज्यातून आत आल्यावर जे दिसतं तेच दिसत होतं. दगडी जोती, हिरवळ, कोरडी कारंजी आणि झाडाखाली मोबाइलमध्ये डोकी घालून बसलेली कॉलेजची मुलं.

"जळला," त्या म्हणाल्या.

"कव्हा?"

"मी यायच्या आधी."

शंभूची बायको श्रद्धा खळखळून हसली. शंभूला मात्र हसू आलं नाही. पुलगावहून रात्रभर रेल्वेत बसून तो आला होता, आणि शनिवारवाडा म्हटल्यावर त्याला आत वाडा हवा होता. शेवटी बायकोला त्याने तटबंदीसमोर उभं केलं आणि नुसत्या भिंतींचे फोटो काढले.

खरं तर मुक्ताबाईसुद्धा आज पहिल्यांदाच आत आल्या होत्या. सदाशिव पेठेतल्या एका सूतिकागृहात त्यांची सगळी नोकरी गेली. बसमधून येता-जाता हा दरवाजा त्यांनी किती वेळा पाहिला असेल, पण उतरावंसं कधी वाटलं नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाने शनिवारवाड्यात जायचं ते पाहुण्यांना घेऊन, आणि मुक्ताबाईंकडे पाहुणे कधी आले नव्हते. आले ते हे दोघं, भावाचा मुलगा आणि सून. तेही त्यांना कायमचं घरी न्यायला.

संध्याकाळची गाडी होती आणि तिकिटं तीन होती.

याला कारण एक ताप. हिवाळ्यात त्या खोलीत एकट्याच तापाने पडल्या होत्या. पाण्याचा तांब्या हाताला लागत नव्हता. तेवढ्यात शंभूचा फोन आला. "ने रे मला," असं त्या म्हणून गेल्या. ताप चार दिवसांत उतरला. बायकांना बाळंतकळांत काय वाटेल ते बोलताना त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, आणि ते मनावर घ्यायचं नसतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शंभूला ते ठाऊक नव्हतं. त्याने मागच्या अंगणात खोली बांधायला काढली.

आज सकाळी त्यांनी आपली खोली रिकामी केली. घरमालकीण अस्मिता वहिनी जिन्यावरूनच म्हणाल्या होत्या, "किल्ली खिळ्याला अडकवा. आणि नळ नीट बंद केलाय ना?" मुक्ताबाई म्हणाल्या, "केलाय." आणखी काहीतरी बोलणं होईल म्हणून त्या जरा थांबल्या. वहिनींच्या कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी आत गेल्या.

मुक्ताबाईंना एवढंच हवं होतं. कुणीतरी म्हणावं, कशाला जाता, राहा की. एकानं जरी म्हटलं असतं, तरी त्या शंभूला म्हणाल्या असत्या, बाबा, हे लोक सोडत नाहीत मला. स्वतःच्या तोंडाने नाही म्हणणं त्यांना जमणार नव्हतं. पोरगा एवढी खोली बांधून बसलाय.

वाड्यातून निघून ते कसब्यातल्या गणपतीला गेले. गल्लीत तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येत होता. श्रद्धाने एका दुकानापुढे थांबून बोटाएवढी पितळी भातुकली घेतली आणि फ्रीजला चिकटवायचा छोटा शनिवारवाडा घेतला. शंभूने पुणेरी पगडी विकत घेतली आणि लगेच डोक्यावर चढवली. कसब्यातल्या लोकांनी त्याच्याकडे अजिबात पाहिलं नाही. इथल्या लोकांची हीच सवय आहे. पाहतात, पण पाहिलं नाही असं दाखवतात.

दर्शन घेऊन बाहेर पायरीवर चपला घालताना मुक्ताबाई म्हणाल्या, "शंभू, मी मागाहून आले तर?"

"मागाहून? काऊन वो?"

"असंच. दिवाळी करून."

शंभूने पगडी काढून हातात घेतली. त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. "आत्याबाई, खोलीले रंग देऊन झाला. तुमचे गुडघे दुखतेत म्हणून खुर्चीवाला संडास बसवला. आपल्या लायनीत कुणाकडंच नाई तसा. लोकं पाहाले येऊन रायले."

"चांगलं केलंस," मुक्ताबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? ज्याने आपल्या गुडघ्यांसाठी भिंती उभ्या केल्या, त्याला चपला घालता घालता काय सांगायचं?

मग भूक लागली म्हणून मिसळ खाल्ली. पुण्याला जाऊन मिसळ खायची हे दोघांनी येतानाच ठरवलं होतं. पहिल्या घासाला शंभूने चमचा खाली ठेवला.

"यात साखर हाये काय वो?"

"असेल जराशी."

"मिसयीत?"

श्रद्धा म्हणाली, "अवो, आत्याबाई त खाऊन रायल्या ना मुकाट्यानं."

मुक्ताबाईंनी हातातल्या चमच्याकडे पाहिलं. त्यांना गोड लागलंच नव्हतं. पुण्यात नव्या आल्या तेव्हा नर्सेसच्या मेसमधली गुळाची आमटी खाताना त्या रडल्या होत्या. ठेच्याची बरणी घरून मागवून उशाशी ठेवायच्या. ही जीभ कधी बदलली? आता गावाकडचं तिखट सोसेल का, एवढीच काळजी त्यांच्या मनात आली, आणि तीही फार वेळ टिकली नाही. सकाळपासून त्यांना काही टिकून वाटतच नव्हतं. टाके घालायच्या आधी बधिर केलेल्या बायका विचारायच्या, "सिस्टर, घालताय का अजून?" घालणं चालूच असायचं, त्यांना कळत नसायचं. मुक्ताबाईंचं आज तसं झालं होतं.

तुळशीबागेत श्रद्धा हरवल्यासारखी फिरली. बांगड्या, पिना, पर्स आणि सासूसाठी शेवयांचा साचा. मुक्ताबाई ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं सेफ्टी पिना आणि पांढरा दोरा घेत आल्या होत्या, ते संजयराव गल्ल्यावर बसले होते.

"या सिस्टर. बऱ्याच दिवसांनी!"

"गावी चालले. कायमची."

संजयरावांचा चेहरा खुलला. "वा! फार छान. सुटलात तुम्ही. अहो, काय राहिलंय आता पुण्यात? रस्ता ओलांडायचा म्हटला तर आदल्या दिवशी निघावं लागतं." मग त्यांनी शंभूच्या पाठीवर थाप मारली. "नशीब लागतं असा पुतण्या मिळायला."

"पुतण्या नाही, भावाचा मुलगा," मुक्ताबाई म्हणाल्या.

"तेच ते!" संजयराव म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सूतिकागृहावरून जाताना मुक्ताबाईंनी बोट दाखवलं. डॉक्टर गेल्यावर ते बंद पडलं. आता तिथे स्पर्धा परीक्षांचे क्लासेस होते. वरच्या खिडकीत, जिथे लेबर रूम होती, तिथे मुलं रांगेत बसून काहीतरी लिहून घेत होती. "इथं?" श्रद्धाने विचारलं. "इथं," मुक्ताबाई म्हणाल्या. श्रद्धाला आणखी काही विचारायचं होतं, पण शंभूने घड्याळाकडे पाहिलं.

"चला. बाकरवडी रायली ना. शेजारपाजाऱ्याईले काय देऊ? पुण्याहून आला अन् हात हालवत आला म्हणतीन."

बाकरवडीचं दुकान मुक्ताबाईंच्या रोजच्या वाटेवरचं होतं. शंभू रिक्षा बघायला थांबला, श्रद्धा पिशव्यांपाशी उभी राहिली आणि मुक्ताबाई पायरी चढल्या. गल्ल्यामागे नेहमीचे साठे होते. चष्मा कपाळावर आणि तोंडात एकही जास्तीचा शब्द नाही.

या दुकानात माल दोन तऱ्हांनी देतात. पेठेतल्या माणसाला कागदी पुडी. बाहेरगावच्या माणसाला पुठ्ठ्याचं खोकं, आत प्लॅस्टिकची पिशवी आणि वरून सुतळी, कारण ते रेल्वेत आपटतं. साठे प्रत्येक गिऱ्हाइकाला फक्त "पुण्यात का बाहेरगावी?" एवढंच विचारतात आणि त्याप्रमाणे हात घालतात. मुक्ताबाईंना त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. बाई दिसताच त्यांनी चिवडा तोलला, पुडी बांधली आणि पुढे सरकवली.

"साठे, बाकरवडी हवीय," मुक्ताबाई म्हणाल्या. "एकेक किलोची खोकी करा. पाच."

साठ्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "खोकी?"

"बाहेरगावी न्यायचीयेत."

"पाहुण्यांना?"

"मला."

साठे त्यांच्याकडे बघत राहिले. मागे रांग वाढत होती. मुक्ताबाईंना वाटलं, आता हा म्हणेल, राहा की. हा माणूस कुणाशी गोड बोलत नाही, त्यामुळे हा म्हणाला तर ते खरं असेल. त्यांनी काउंटरची कड धरली.

"लांब आहे का?" साठ्यांनी विचारलं.

"विदर्भात."

"मग डबल सुतळी लागेल."

त्यांनी खोकी बांधली. एरवी मुलाकडून बांधून घेतात, आज स्वतः बांधली. गाठी दोनदा ओढून पाहिल्या. नंतर चिवड्याची पुडीही खोक्यांवर ठेवली. "ही राहू द्या. गाडीत खायला." आणि तिचेही पैसे धरले.

मुक्ताबाई बाहेर आल्या. सुतळी बोटांत रुतत होती. शंभू चौकात रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता. "मीटरनं चाला ना वो," असं म्हणत होता आणि रिक्षावाला त्याच्या हातातल्या पगडीकडे बघून मान हलवत होता.

"काकू, ऐका ना," एक तरुण बाई समोर येऊन थांबली. अंगावर प्रवासात चुरगळलेला ड्रेस, हातात पाण्याची बाटली. "तुळशीबागेत कसं जायचं इथून?"

मुक्ताबाईंना तो रस्ता झोपेतही सांगता आला असता. दोन्ही गल्ल्या त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. जवळचीही आणि सावलीचीही.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही बाहेरगावचे."

बाईने त्यांच्या हातातल्या खोक्यांकडे पाहिलं आणि तिला ते पटलं. "सॉरी हं," असं म्हणून ती निघाली, आणि निघाली ती नेमकी उलटी, टिळक रोडकडे. ऊन बरंच होतं. पुढच्या वळणापर्यंत ती स्पष्ट दिसत होती. एक हाक मारली असती तरी ती थांबली असती.

मुक्ताबाईंनी हाक मारली नाही. शंभूने रिक्षा आणली, खोकी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांना आधी आत बसवलं.