कारल्याच्या पेढ्याला शंभर

आयुधपूजेच्या सकाळी बनशंकरीतल्या विलासअण्णांच्या फराळाच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोऱ्यांना, झाऱ्यांना, टेम्पोच्या चाकांना हळदीकुंकू लागलं होतं. पण सगळे जमले होते ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर. पडद्याला झेंडूचा हार, पुढ्यात उदबत्ती, आणि मधोमध एक हिरवा आकडा सारखा हलत होता.

"डेटा खोटं बोलत नाही," सल्लागार गिरीराज हात पसरून सांगत होते. "या क्षणी लोक इंटरनेटवर काय शोधताहेत, ते इथे लाइव्ह दिसतं. मार्केटच्या मनातलं! आता सगळ्यांनी फोन हातात घ्या. आपल्या चकलीचं नाव मनोभावे सर्च करा, आणि बघा युनिव्हर्स काय उत्तर देतं."

तीसेक अंगठे चालले. आकडा वीस झाला, पन्नास झाला, बघता बघता शंभरावर जाऊन बसला. टाळ्या पडल्या. पॅकिंगच्या बायकांनी हात जोडले, विलासअण्णांनी तर डोळेच मिटले.

आश्लेषाला एका जागी उभं राहवत नव्हतं. पुण्याहून इथे येऊन ती या कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम बघत होती, आणि इंटरनेटवरच्या शोधाशोधीचे आकडे कंपनीच्या पडद्याला तिनेच जोडले होते. जोडणी तिची, देव मात्र गिरीराजांनी बसवला. त्याच पडद्यावर अण्णांच्या मल्लेश्वरमच्या दुकानाच्या नावापुढे महिनाभर शून्य दिसत होतं, म्हणून ते जुनं दुकान बंद करायचं ठरलं होतं. ते दुकान सांभाळणारी चंद्राबाई आज पूजा आटोपल्यावर किल्ली परत देणार होती. या शहरात आश्लेषाचं कुणी नव्हतं तेव्हा चंद्राबाईने तिला गल्ल्यामागे बसवून जेवू घातलं होतं. किल्ली मुठीत धरून उभ्या असलेल्या त्या बाईकडे बघताना आश्लेषाचा जीव तुटत होता.

तिने अण्णांना सांगून पाहिलं होतं. "अण्णा, दुकानाची विक्री तर चांगली आहे."

"गिरीराज म्हणतात, गल्ला म्हणजे काल, पडदा म्हणजे उद्या," अण्णा म्हणाले होते. "आणि जोडलंस तूच की. तुझाच तुला विश्वास नाही होय?"

आज मात्र तिच्या एक गोष्ट लक्षात आली. मागच्या खेपेला गिरीराजांनी पडदा दाखवला तेव्हाही आकडा चढला तो 'फोन हातात घ्या' म्हटल्यावरच.

"अण्णा, स्वल्प, जरा थांबा," ती पुढे झाली. "आपले फोनही आयुधंच ना? तेही पूजेत ठेवू या."

"नको, मॅडम, एनर्जी तुटेल," गिरीराज घाईने म्हणाले.

"पूजेला नको म्हणू नये, साहेब," चंद्राबाई म्हणाली, आणि तिने किल्लीही पूजेच्या ताटात ठेवली.

सगळे फोन ताटात गेले. त्यांना कुंकू लागलं, आरती झाली. पडदा मिनिटामिनिटाला ताजा होत होता आणि आकडा उतरत होता. शेवटी तो शून्यावर आला.

"मार्केट जरा विश्रांती घेतंय," गिरीराज म्हणाले. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

आश्लेषाने पडद्यावरचं चकलीचं नाव पुसून नवा शब्द घातला. "आता फोन उचला, आणि शोधा 'कारल्याचा पेढा'."

"असला पेढा असतोय?" पॅकिंगच्या एका बाईने विचारलं.

"नसतो. म्हणूनच शोधा."

अंगठे चालले, आणि कारल्याचा पेढा थेट शंभरावर गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गिरीराज लगेच सावरले. "बघा अण्णा, छुपी मागणी. एक घाणा काढूनच बघा."

"काढा की," चंद्राबाई म्हणाली. "पहिला पेढा तुमालाच."

हशा ओसरल्यावर आश्लेषा म्हणाली, "अण्णा, किती माणसांनी शोधलं हे हा आकडा सांगतच नाही. एखाद्या शब्दाची सगळ्यात जास्त शोधाशोध झाली त्या घटकेला तो शंभर म्हणतो, बाकीचं त्या मापाने मोजतो. एरवी आपली चकली दोघं-चौघं शोधतात, आज आपण तीस जणांनी शोधली. आपणच हाका मारल्या, आणि आपलाच आवाज ऐकून हात जोडले."

"मग मल्लेश्वरमचं शून्य?" अण्णांनी विचारलं.

"अगदी थोड्यांनी शोधलं तर तो शून्यच दाखवतो. शून्य शोध म्हणजे शून्य गिऱ्हाईक नव्हे."

"माझं गिऱ्हाईक बाजारातनं भाजी घेऊन चालत येतंय," चंद्राबाई म्हणाली. "तुमचे वडील गल्ल्यावर बसायचे तवापासनं येतंय. ते फोनला कशाला विचारतंय दुकान कुठं हाय म्हणून?"

गिरीराजांना तेवढ्यात इलेक्ट्रॉनिक सिटीतली मीटिंग आठवली, आणि ते निघाले.

आश्लेषाला राग आला होता, आणि तो गिरीराजांपेक्षा सगळ्यांच्या जोडलेल्या हातांचा जास्त होता. "पडद्याला खुशाल हार घाला," ती म्हणाली. "सोऱ्यालाही घालतोच. पण दुकान बंद करू का, असं सोऱ्याला कुणी विचारत नाही. कुठलाही आकडा समोर आला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, हा नेमकं काय मोजतो?"

विलासअण्णा पुढे झाले. मग त्यांनी ताटातली किल्ली उचलून चंद्राबाईच्या हातात ठेवली. "अक्का, दुकान चालू राहू दे."

"सरी, बरं," चंद्राबाई म्हणाली. "पण मी म्हणते म्हणून नको, अण्णा. उद्या या, गल्ल्याशी उभं ऱ्हावा, आणि सोताच्या डोळ्यांनी बघा."

अण्णांनी पडद्याकडे वळूनही पाहिलं नाही. "किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.