पाठ-पोट नसलेली पिन

मावशीच्या मते वायरीच्या प्रत्येक पिनेला एक पाठ असते आणि एक पोट. पाठीकडून आणली तर ती हटून बसते, पोटाकडून आणली तर आपसूक आत शिरते. "माणसाचंही तेच," ती म्हणायची. "कुणाला कुठून हात लावायचा ते कळलं की तंटाच मिटला."

मावशीला जन्मापासून दिसत नाही. आमच्या ब्रेलच्या छापखान्यात ती सव्वीस वर्षं आहे. मी पुस्तक समोर ठेवून मजकूर संगणकात भरते, मशीन जाड कागदावर त्याचे ठिपके उठवतं आणि मावशी त्या ठिपक्यांवरून बोटं फिरवत माझ्या चुका काढते. ती माझी सख्खी मावशी, पण साहेबांपासून झाडणाऱ्या बाईंपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात, त्यामुळे माझा त्यात काही वेगळा मान उरलेला नाही.

चुका काढण्याखेरीज आणखी एक काम तिच्याकडे कुणी न देताच आलं होतं. जोडणीचं. काही निखळलं की आम्ही डोळस माणसं टेबलाखाली शिरणार, मान वाकडी करणार, मोबाईलचा उजेड पाडणार. मावशी मात्र उभ्या उभ्या मशीनच्या मागे हात घालायची आणि छताकडे तोंड करून हसायची. तिथे मागे, धुळीत आणि उबेत, तिचं एक खटल्याचं घर होतं. पंचवीस काड्यांची रुंद पिन म्हणजे थोरल्या सासूबाई. दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळून हात धरल्याशिवाय बैठकीला बसायच्या नाहीत. नऊ काड्यांची त्यांची धाकटी जाऊ, स्वभाव तोच पण अंगाने बारीक. गोल तोंडाची नणंद, तिला थोडं फिरवून घ्यावं लागे. आणि टेलिफोनच्या तारेसारखी ती खटका असलेली, आत गेली की 'कट्' म्हणणारी. "हिला शेवटचा शब्द आपलाच लागतो," मावशी म्हणायची.

हे सगळं ती गुणगुणत करायची. तिची रीतच कीर्तनातली. आधी एखादी ओळ, मग त्या ओळीवर निरूपण, मग दृष्टांत, आणि दृष्टांतात हमखास मी.

नवं मशीन आलं त्या दिवशी साहेब फार खुशीत होते. सोबत नवा संगणकही होता. "मावशी, आता एकच पिन," ते म्हणाले. "संगणकाला तीच, मशीनला तीच, फोनला तीच. उलटी लावा, सुलटी लावा, बसते. आता कुणीही जोडील."

"चांगलं झालं," मावशी म्हणाली.

"चुका शोधायचीही सोय त्यातच आहे म्हणे. तुम्ही पुष्कळ केलंत. शुक्रवारी चाचणी घेऊ, नीट चाललं की पुढच्या महिन्यापासून तुम्ही आपल्या..." साहेब मनाने वाईट नव्हते. म्हणून वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

संध्याकाळी घरी येताना मावशीने माझा दंड धरला होता. ती म्हणाली, "घरी बसायचं म्हणजे काय करायचं गं?"

"आराम."

"बसते तर मी इथेही. पण इथे बोटांखाली काही येतं. घरी काय वाचू, भिंत?"

मी तिला धरून रस्ता ओलांडला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती टेबलावर डोकं टेकून झोपली. खिडकीतून येणारं ऊन तिच्या मनगटावर बसलं होतं आणि जुनं मशीन कोपऱ्यात धीम्या लयीत ठिपके पाडत होतं. जागी झाली तेव्हा चेहरा असा, की कुणी दूरवरून हाक मारली आहे आणि ती अजून ऐकतेच आहे.

"सभा भरली होती," ती म्हणाली. तिला स्वप्नात दिसत नाही. ऐकू येतं, हाताला लागतं. "सगळ्या पिना बसलेल्या. मी ओळीतून हात फिरवत गेले. सासूबाई पुढे, नणंद खांबाला टेकलेली. ज्या कधीच्या टाकून दिल्या त्याही आल्या होत्या, गंज लागलेल्या, एखादी काडी वाकलेली. सगळ्या गप्प. कुणीतरी येऊन गाणार, सांगणार, म्हणून वाट बघत होत्या."

"आणि कोण आलं?"

"ती नवी. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. पाठ सापडेना, पोट सापडेना. मी विचारलं, बाई, तू कुणाकडून? तर म्हणाली, दोन्हीकडून." मावशीने उन्हातलं मनगट चोळलं. "मला भीती वाटायला हवी होती. पण आवाज फार गोड होता गं तिचा."

शुक्रवारी साहेबांनी स्वतः मशीन टेबलावर मांडलं. मी तार आणून दिली, त्यांनी एक टोक संगणकात घातलं, दुसरं मशीनमध्ये. दोन्ही बसली. मशीनचा दिवा लागला. पण संगणक काही त्याला ओळखेना. मशीन जोडलेलंच नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. साहेबांनी पिन उलटी केली, सुलटी केली, दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली. शेवटी मशीनवाल्यांना फोन लावला.

"वायर लावलीत?" तिकडून आवाज आला.

"लावली."

"पूर्ण आत गेली?"

"गेली हो. सैलसुद्धा नाही."

"मग मशीनमध्येच दोष आहे. परत पाठवा."

साहेब खुर्चीत बसले. बसले म्हणजे अक्षरशः हवा गेल्यासारखे. "राहू दे," ते म्हणाले. "जुन्यावरच चालवू. मावशी आहेत तोवर चालेल सगळं."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. गालात हसूही आलं असेल. मी मावशीकडे पाहिलं. ती मशीनपाशी उभी राहून तार चाचपत होती. तिने ती दोन बोटांत फिरवली, वाकवली, सोडली. आणि मग तिचा अंगठा थांबला. हा थांबलेला अंगठा मी ओळखते. ओळीत चूक सापडली की तो असाच थांबतो.

मी जवळ गेले. कानाशी म्हटलं, "मावशी, जे असेल ते राहू दे. गप्प राहा."

"का?"

"ऐकलंस ना साहेब काय म्हणाले? मशीन गेलं तर तू राहशील."

तिने तार हातातून सोडली नाही. अगदी हळू म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि आत्ता गप्प बसले तर ते काय असेल?"

"कुणाला कळणार आहे?"

"हिला कळेल." तिने मशीनच्या अंगावर हात ठेवला. "आल्या आल्या आळ घेऊन घराबाहेर काढलेली सून. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी, पोरी. एक झाकून ठेवू?"

मला तिचा राग आला, हे इथेच सांगून टाकते.

"साहेब," मावशी मोठ्याने म्हणाली, "मशीन चांगलं आहे. वायर मुकी आहे."

"मुकी?"

"हिच्यातून वीज जाते, शब्द जात नाही. हात लावून बघा, किती लुळी आहे. आत ताराच कमी. नुसती चार्जिंगची असणार."

"अहो, पण बसली की ती. पिन तीच आहे."

"बसली म्हणजे जुळली असं कुठंय? तसं असतं तर घरोघरी सुख असतं." साहेब इतक्या त्रासातही हसले. मावशी पुढे म्हणाली, "जुन्या संगणकाला दोन गोल पिना होत्या. एक कीबोर्डची, एक माउसची. तुम्ही म्हणायचात, जांभळी इकडे, हिरवी तिकडे. मला जांभळं काय आणि हिरवं काय. तोंडं दोघींची एकसारखी. पहिले आठ दिवस मी रोज चुकले. मग तोंड सोडून दिलं आणि अंगावरून ओळखायला लागले. कीबोर्डची तार जाड, माउसची सडपातळ." मग तिने माझ्या दिशेने मान वळवली. "ही वायर कुठली गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीन आलं त्या संध्याकाळी माझ्या फोनची बॅटरी संपली होती आणि माझी तार काही सापडेना. मशीनच्या खोक्यातली तार मी घरी नेली, तिथे माझीही सापडली, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने परत आणून ठेवली. आठवण पक्की होती, तार दुसरी होती. सारख्याच तर दिसतात.

"माझ्या फोनची," मी म्हटलं. "खरी माझ्या पिशवीत आहे."

साहेबांनी मुकी वायर उपसून काढली.

मी पिशवीतून तार काढून दिली. मावशीने ती बोटांत घेतली. जाड होती, नव्या दोरीसारखी ताठ. तिच्या अंगठ्याने सवयीने पिनेची पाठ शोधली, मग पोट शोधलं, आणि काहीच सापडलं नाही तेव्हा तो क्षणभर तसाच रेंगाळला, देवळाच्या बंद दारापाशी हात रेंगाळावा तसा. मग तिने पिन आत सरकवली.

संगणकाने मशीनला ओळखलं. कागद आत ओढला गेला, आणि वाळूवरून चिमण्या चालाव्यात तसा बारीक, घाईचा आवाज खोलीभर झाला. पहिलं पान बाहेर आलं ते किंचित कोमट होतं. मावशीने ते छातीशी धरलं, मग टेबलावर पसरून वाचू लागली. ओठ हलत होते. तिसऱ्या ओळीवर अंगठा थांबला.

"इथे वेलांटी चुकलीय," ती म्हणाली. "ही चूक मशीनची नाही, हिची." आणि माझ्याकडे बोट केलं.

पुढचा महिना हवेत लोंबकळत होता आणि तो कुणी खाली उतरवायचा ते कळत नव्हतं. मग साहेब आपल्या खोलीत गेले आणि एक खोकं उचलून घेऊन आले. कचेरीतल्या साऱ्या खणांतून गोळा झालेल्या तारा, काळ्या, पांढऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या, तोंडं सगळ्यांची सारखी.

"मावशी," ते घसा खाकरून म्हणाले, "यातल्या बोलक्या कुठल्या आणि मुक्या कुठल्या, तेवढं सांगून जा."

मावशीने खोक्यात हात घातला. तळापर्यंत नेला, तारा ढवळल्या.

"सांगून जायची नाही, साहेब," ती म्हणाली. "बसून सांगेन."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचीच खुर्ची ओढून तिच्या मागे लावली. ती बसली, पदर नीट केला, खोकं मांडीवर घेतलं. पहिली तार हाताला लागली तशी तिने तिला विचारलं, "काय गं, बोलतेस का?"