गल्लीचा कम्प्युटर

“अपात्र? मी काय इलेक्शनले उभा राहून राहिलो, अपात्र म्हणाले?” मनोहररावांनी नाक कम्प्युटरच्या पडद्याला टेकेल इतकं पुढे होऊन ते इंग्रजी वाक्य पुन्हा वाचलं. जुन्या विंडोजची मुदत संपली आहे आणि नवी विंडोज घ्यायला तुमचा संगणक पात्र नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

“तुम्हाले नाही म्हणून राहिला जी, कम्प्युटरले म्हणून राहिला,” प्रेमलताबाई म्हणाल्या. त्या खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. नवऱ्याच्या आरडाओरड्याने त्यांनी मानही वर केली नव्हती.

“एकच झालं ते!”

आणि खरोखरच ते एकच होतं. मनोहरराव मूळचे खाप्याचे, नोकरी सावनेरला एका सहकारी बँकेत कारकुनाची. बँकेत पहिला कम्प्युटर आला तेव्हा बाकीचे कारकून त्याच्याकडे दुसऱ्याच्या दारातल्या कुत्र्याकडे पाहावं तसे लांबूनच पाहत. मनोहरराव मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसले आणि शिकले. निवृत्तीनंतर नागपुरात हुडकेश्वरला घर बांधलं, सीताबर्डीच्या बाजारातून एकेक भाग आणून हा कम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडला आणि बघता बघता ते गल्लीचे ‘कम्प्युटरवाले काका’ झाले. कुणाचं विजेचं बिल, कुणाच्या मुलीचा परीक्षेचा अर्ज, कुणाचा सातबारा. ‘काकाशिवाय होतच नाही’ एवढं कानावर पडलं की त्यांचा दिवस गोड व्हायचा.

त्याच दुपारी शेजारचे रुपराव आले. त्यांना वाटे, चालत्या वस्तूला हात लावूच नये. “चालते नं? मग काहून बदलवतं गा? माझ्या लुनाले कोणी सांगते काय, मुदत संपली म्हणून?”

“आरटीओवाले सांगतात,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “तुम्ही आयकत नाही.”

पण मनोहररावांना रुपरावांचं पटलं. आहे तेच चालू ठेवायचं, ठरलं. रुपराव खुशीत खुर्ची ओढून बसले आणि पेन्शन जमा झाली का ते बघायला बँकेचं पान उघडून घेतलं. पासवर्ड टाकताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायची त्यांची सवय. शेवटी “सुभद्रा!” असं बायकोचं अख्खं नाव घेऊन ते थांबले, तेव्हा स्वयंपाकघरात सून नूपुरला हसू आवरेना.

रुपराव गेल्यावर ती हात पुसत बाहेर आली. मिहानमधल्या एका कंपनीत ती कम्प्युटरचंच काम करायची, पण घरात या विषयावर सासऱ्यांपुढे कधी बोलायची नाही. आज बोलली.

“बाबा, तुमचं एकट्याचं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण काका याच्यावर पेन्शन पाह्यतात. मुदत संपली म्हणजे कुलूप तर आहे, पण ते बिघडलं तर दुरुस्त कराले आता कोणी येणार नाही.”

मनोहररावांचा चेहरा उतरला. जन्मभर दुसऱ्यांची ठेव सांभाळली होती त्यांनी. लोक आपल्याकडे कम्प्युटर आहे म्हणून नाही, भरवशानं येतात, हे त्यांना या क्षणापर्यंत असं लख्ख जाणवलंच नव्हतं.

“मग? याले भंगारात देऊ काय? चांगला धडधाकट आहे तो.”

“नाही नं! याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. फुकट आहे, जुन्या मशीनवरही मस्त पळते. फक्त...”

“फक्त काय?”

“सगळं वेगळं राहील, बाबा. तुम्हाले पहिल्यापासून शिका लागेल.”

 रात्री जेवताना आवडीचं वांग्याचं भरीतही मनोहररावांनी दुसऱ्यांदा घेतलं नाही, तेव्हा प्रेमलताबाईंनी सुनेकडे पाहिलं. पहिल्यापासून शिकायचं, म्हणजे गल्लीतल्या कुणी विचारलं तर काय सांगायचं, हा घोर मनोहररावांना पडला होता. सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, “टाक.”

रविवारी नूपुरनं सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्या. “थांब, बंद मी करतो,” असं म्हणून मनोहररावांनी जुनी विंडोज शेवटची बंद केली आणि पडदा काळा झाल्यावरही माऊसवरचा हात काही वेळ तसाच ठेवला. प्रेमलताबाईंनी विचारलं, “नवीनले हळदीकुंकू लावू काय?” तेव्हा कुठे ते हसले.

नवा पडदा उजळला. देखणा होता, पण परका. नूपुरच्या खुर्चीशेजारी उभ्यानंच त्यांनी माऊस घेतला, हात सवयीनं खालच्या कोपऱ्यात गेला, तिथे वेगळंच काहीतरी निघालं. प्रिंटर शोधायला गेले तर कॅल्क्युलेटर उघडला. पुन्हा शोधला, तर पुन्हा कॅल्क्युलेटर. “हा मलेच हिशेब विचारून राहिला!” असं म्हणत स्वतःशीच खो खो हसत होते, तेवढ्यात दारातून हाक आली.

“मनोहर, लाईटचं बिल भरून दे गा!” रुपराव होते. मागे सुभद्राबाईही होत्या.

 नूपुरनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि सवयीनं बाजूला व्हायला खुर्चीतून अर्धवट उठली.

“मले नाही येत अजून,” मनोहरराव म्हणाले.

“तुले? तुले नाही येत?”

“नाही. शिकून राहिलो. आज नूपुर भरून देते.” मग सुनेकडे वळून म्हणाले, “उठू नको बाई. तूच बस.”

त्यांनी स्वयंपाकघरातून एक पाट आणला, तिच्या खुर्चीशेजारी मांडला आणि त्यावर मांडी घालून बसले. तिथून पडदा जरा उंच पडत होता. त्यांनी मान वर केली, चष्मा नीट केला आणि म्हणाले, “हं. आता हळूहळू कर. मले दिसलं पाहिजे.”