कोपऱ्यातला हात

"तू वडिलांची विचारपूस करत नाहीस, हजेरी घेतेस," असं माझी नणंद म्हणाली तेव्हा मी माझ्या लेकीच्या, चिमटीच्या लंगोटांच्या घड्या घालत होते, आणि मला तिचा रागच आला. नणंद प्राथमिक शाळेत शिकवते. हिला सगळं जग तिसरीच्या वर्गासारखं दिसतं, असं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "अहो ताई, रोज सकाळी फोटो येतो त्यांचा. आणखी काय करायचं?"

"हजेरीला काय गं, शेजारच्याच्या नावानंही 'हजर' म्हणून मोकळी होतात मुलं. एकदा जाऊन तोंड बघून ये."

"आठ महिन्यांचं बाळ घेऊन दोन तास बसमध्ये?" मी म्हटलं, आणि विषय संपला. म्हणजे मीच संपवला.

आईला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. चिमटी येणार एवढंच तिला ठाऊक होतं, बाकी काही तिच्या वाट्याला आलं नाही. चिमटी हे आमचं लाडाचं नाव. दूध पिताना ती माझ्या दंडाला चिमटे काढते, म्हणून. बाबा त्यांच्या गावी, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे. मी इथे, आणि माझ्या डोक्यात सतत एक काळजी चालू, फ्रिजच्या मोटारीसारखी. बाळ झोपलं की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा. उठलं की का उठलं, ते बघायचं.

बाळाला पाजताना एक हात मोकळा असतो, आणि मोकळ्या हातात फोन असतो. तसंच एका सकाळी वाचलं: आनंदी माणसांच्या रोजच्या सात सवयी. सकाळचं ऊन, वीस मिनिटं चालणं, भरपूर पाणी, कुणाशी तरी दोन शब्द, असं सगळं. मला याद्या आवडतात. यादी केली की भीती निम्मी होते. मी एक तक्ता करून फ्रिजवर लावला, एक रकाना माझा, एक बाबांचा. माझा रकाना चौथ्या दिवशीच ओस पडला; पाणी तेवढं मी पीत होते, तेही तहान लागायची म्हणून. बाबांचा मात्र भरत गेला.

"नुसतं 'जाऊन आलो' म्हणून चालायचं नाही हं बाबा," मी फोनवर बजावलं होतं. "फोटो पाठवायचा."

"पुरावा?"

"पुरावा."

"बरं, इन्स्पेक्टरसाहेब."

त्यानंतर रोज पावणेआठला फोटो येऊ लागला. बागेतला बाक. कारंजं. वेल चढलेली भिंत. मी हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायचे, आणि त्या मिनिटाला माझे खांदे जरा खाली यायचे. खरं सांगायचं तर तो तक्ता बाबांच्या आनंदासाठी नव्हताच. माझा दिवस सुरू व्हायला ती खूण लागायची. व्हिडिओ कॉल त्यांनी हल्ली बंद केला होता. "नेट अडकतं, आणि तुझी लेक फोन चाटते," म्हणायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटण्यासारख्या होत्या.

त्या दिवशी मी चिमटीला उकडलेलं गाजर भरवत होते. अर्धं तिच्या पोटात, अर्धं माझ्या बाहीवर. फोन वाजला. बाक, समोर चारपाच कबुतरं, मागे झाड. मी पेन उचललं आणि थांबले. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी होतं. दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. लोकरीची बाही होती. बाहीच्या कफावर दोन बटणं, एक तपकिरी, एक निळं. आणि बाहीतून पुढे आलेला हात.

ते निळं बटण मी स्वतः शिवलेलं होतं, अकरावीत. तपकिरी सापडलं नाही, तर आई म्हणाली होती, "लाव गं निळं, माझ्या मनगटाकडे कोण बघतंय!"

मी लगेच बाबांना फोन लावला. "बाबा, आज बाकावर कोण होतं?"

"कोण असणार? मी आणि कबुतरं." आवाज अगदी नेहमीचा. "छान ऊन होतं. ती खाते का नीट?"

"खाते," म्हटलं आणि ठेवला.

नवरा दाढी अर्धी ठेवून बाहेर आला. त्याला फोटो दाखवला. "अगं, जुना गेला असेल चुकून," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात तर एकानं साहेबांना मांजराचा पाठवला होता."

"बाबांकडून कोपरा चुकेल?"

त्यालाही माहीत आहे. बाबांचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. मला सायकल यायच्या आधी कॅमेरा धरता येत होता, आणि त्यांचं एकच वाक्य असायचं: "चारी कोपरे बघ, मग दाब." मधला माणूस आपोआप दिसतो, घात होतो तो कोपऱ्यात. एकदा एका शाळेच्या अख्ख्या वर्गाला त्यांनी पुन्हा उभं केलं होतं, कारण कडेला कुणाच्या तरी बुटाची सुटलेली नाडी दिसत होती. त्या माणसाने आपल्या बायकोचा हात फोटोत आहे हे न बघता तो पाठवला. विसरले असतील, असं म्हणता आलं असतं. पण मी घाबरले ते दुसऱ्याच विचाराने. त्यांना तो दिसलाच नसेल.

तासाभरात मी बसमध्ये होते. चिमटी छातीशी बांधलेली, पिशवीत लंगोट, बाटली आणि उरलेलं गाजर. नवरा म्हणाला होता, शनिवारी आपण तिघं जाऊ. मी म्हटलं, शनिवार तीन दिवसांनी आहे. वाटेत मी मागचे सगळे फोटो उघडून पाहिले. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत बाकाचा रंग पिवळा होता. मग निळा. मग पुन्हा पिवळा. रोज खूण करत होते मी, हिरव्या पेनाने, आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

बाबांच्या दाराची बेल वाजवली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज, मग भिंतीवरून हात फिरत येतो तसा आवाज. दार उघडलं. बाबा उभे होते, दाढी नीट केलेली, शर्टाचं एक बटण वरखाली. माझ्या मागच्या जिन्याकडे बघत म्हणाले, "कोण? टपाल आहे का?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. तेवढ्यात चिमटीने तिचा तो कबुतरासारखा आवाज काढला. बाबांचा चेहरा एकदम बदलला. आधी हसू आलं, मग लपवताना पकडलेल्या माणसाचा ओशाळेपणा.

"अरे! इन्स्पेक्टरसाहेब, न कळवता धाड?"

"बाबा, मी दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतेस गं. जिन्यात अंधार आहे ना, म्हणून." जिन्यात लख्ख ऊन होतं. "ये ये. चहा टाकतो."

टाकू दिला. मी चिमटीला कडेवर घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि नुसती बघत राहिले. साखरेच्या डब्याला एक रबर बांधलेलं, मिठाच्या डब्याला दोन. गॅस पेटवताना त्यांनी आधी कान जवळ नेला. कपात चहा ओतताना तर्जनी कपाच्या आत धरली, किती भरला ते चटक्यावरून कळायला. त्या बोटाचं टोक लाल होऊन सोललं होतं. दाराशी त्यांचे फिरायचे बूट होते, आणि बुटांवर कित्येक दिवसांची धूळ.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"बाबा."

ते स्टुलावर बसले. दोन महिन्यांपूर्वी रस्त्याच्या कडेची पायरी दिसली नाही आणि पडले. लागलं काही नाही, पण भाजीवाल्याने हात धरून घरापर्यंत आणून सोडलं, आणि ते मनाला लागलं. त्यानंतर ते खाली उतरलेच नव्हते. सामान फोनवरून येत होतं, टोपली दोरीने वर घेत होते.

"आणि फोटो?"

"अल्बममधले. हिरवं जास्त दिसलं की बाग, एवढं कळतं मला. आता त्यात इतकं काय..."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?" ते रागाने नाही, अगदी सरळ म्हणाले. "ऊन घेतलंत का, घेतलं. पाणी प्यायलात का, प्यालो. तुझ्या यादीत डोळे नव्हते."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. चिमटीने गोंधळून माझा दंड चिमटला.

"आणि सांगितलं असतं तर तू बाळाला घेऊन धावत आली असतीस. तुझा आवाज मला ऐकू येतो ना. झोप नाही, काही नाही. त्यात हे एक म्हातारं बाळ कुठे देऊ तुझ्या गळ्यात? तू म्हणाली असतीस, चला माझ्याकडे. मग ही खोली बंद." मग म्हणाले, "आणि फोटोवाल्याला दिसत नाही, हे तोंडाने म्हणवत नाही गं."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. चिमटी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती.

"पण तुला कळलं कसं?" त्यांनी विचारलं. "फोटो तर चांगले होते."

"आजच्या फोटोत आई होती."

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"अख्खी नाही. हात फक्त. डाव्या कोपऱ्यात."

"बटणवाला स्वेटर?"

"हो."

"मी तिला पाठवलं?" ते हळूच म्हणाले. "आणि मला कळलं नाही." मग म्हणाले, "सांग मला. हात कसा आहे?"

मी फोन उघडला आणि सांगू लागले. तळवा वर आहे. बोटं अर्धी मिटलेली. अंगठ्याजवळ ती जुनी भाजल्याची खूण दिसते. हात थोडा पुढे आहे, कबुतरांना दाणे टाकायला असेल.

"नाही, नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "दाणे तिने केव्हाच टाकले होते. ती मला थांबवत होती. म्हणाली, त्यांना आधी खाऊ दे, मग काढ तुझा फोटो. मी ऐकलं नाही, दाबलंच. म्हणून हात आला." त्यांनी डोळे पुसले. "भांडलो होतो आम्ही घरी येईपर्यंत."

दुपारी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाबांनी माझ्या पिशवीचा पट्टा धरला होता. मी प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत होते, आणि ते म्हणत होते, "हळू बोल, सगळी गल्ली उतरेल आपल्याबरोबर." डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला, दोन्हीकडे. ऑपरेशन होईल, दिसेल. "पण इतके दिवस करत काय होता तुम्ही?"

"फिरायला जात होतो," बाबा म्हणाले.

बाईंना कळेना, मी एवढी का हसते आहे आणि हसताना मला रुमाल का लागतो आहे.

पहिला डोळा झाला त्याला आता महिना झाला. दुसरा पुढच्या आठवड्यात. पहिल्या ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस मी तिथेच, त्या दोन खोल्यांत राहिले. नवरा शनिवारी यायचा. नणंद एकदा येऊन गेली. 'मी सांगितलं होतं' असं काही म्हणाली नाही, नुसते चिमटीचे लंगोट घडी घालून दिले. बाबा त्यांच्याच घरी आहेत, आणि मीही 'चला माझ्याकडे' म्हटलेलं नाही. जिभेवर येतं. गिळते.

फ्रिजवरचा तक्ता काढला. त्या सवयी वाईट आहेत असं नाही. बाबा पुन्हा चालायला जातात, ऊन घेतात, आणि खुशीत असतात. पण फोटो मागत नाही मी. फोन करते, आणि 'हो' म्हणून सुटता येणार नाही असं काहीतरी विचारते. समोरच्या गॅलरीत आज काय वाळत घातलंय? भाजीवाल्याने काय टोमणा मारला? बाबा सविस्तर तक्रारी करतात. त्यांना आता इतकं स्पष्ट दिसतं की भिंतीवरचं प्रत्येक जळमट माझ्या नावावर जमा होतं.

परवा त्यांनी उलट मलाच विचारलं, "आणि तू या आठवड्यात रडलीस का?"

मला असं कुणी विचारलं नव्हतं. 'बाळ कसं आहे'च्या पुढे कुणी जातच नाही. मी म्हणणार होते, छे, काही नाही. पण म्हटलं, "दोनदा. एकदा उगाच."

"उगाच कुणी रडत नाही. सांग," ते म्हणाले, आणि मी सांगितलं. गाजर थंड झालं.

तुम्हालाही रोज सकाळी कुणाचा तरी फोटो येत असेल, नाहीतर अंगठा, नाहीतर 'सगळं मजेत'. आई असेल, मामा असतील, नव्याने बाळंत झालेली मैत्रीण असेल. या आठवड्यात एकदा त्यांच्याकडे जाऊन या. आधी कळवू नका. ते म्हणतील, चहा टाकतो; टाकू द्या. आणि कृपा करून बाहेरच्या खुर्चीत बसून राहू नका. आत जा, ओट्यापाशी उभे राहा आणि त्यांचे हात बघा.