बाई कशा आहेत?

घर इतकं स्वस्त होतं की नर्सच्या धाकट्या भावाला जाहिरात वाचूनच शंका आली. "एवढ्यात तर जुनी गाडीसुद्धा येत नाही, ताई. कुठेतरी पाणी मुरतंय."

ताईने ते शब्दशः घेतलं. घर बघायला गेली तेव्हा तिने प्रत्येक भिंतीवरून तळहात फिरवला, छताचे कोपरे निरखले. पाणी कुठेच मुरत नव्हतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आणखी एक लहान खोली. शहरातल्या इस्पितळात तेवीस वर्षं वॉर्डात उभं राहून तिच्या गुडघ्यांची वाट लागली होती, आणि म्हातारपण तिला भाड्याच्या खोलीत काढायचं नव्हतं.

घर गावाच्या ताब्यात होतं. मूळ मालकीण, शाळेतल्या बाई, चार वर्षांपूर्वी वारलेल्या. मागे कोणी नाही. व्यवहाराला गावातर्फे सुतार आणि पोस्टमास्तरीण आले होते. पैशांबद्दल दोघांनी चकार शब्द काढला नाही. पोस्टमास्तरणीने एवढंच विचारलं, "झोपून असलेल्या माणसाला एकटीने कुशीवर वळवता येतं का तुम्हाला?"

"नव्वद किलोच्या माणसालाही," नर्स हसत म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कागद पुढे केले.

मागच्या खोलीत लोखंडी खाट गादी-उशीसकट तशीच होती. "दारातून निघत नाही ती," सुतार म्हणाला. नर्सने खाटेवर आपली खोकी रचली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी सुतार भेटला. "बाई कशा आहेत?"

"बरी आहे की."

"तुमचं दिसतंच आहे. आतल्या बाई कशा आहेत?"

नर्सला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा असेल. पण दुकानदाराने सामान बांधताना वर दोन संत्री टाकली, बाईंना म्हणून. पोस्टमास्तरीण टपाल द्यायला आली ती दारातूनच कुजबुजली, "झोपल्यात का?"

"अहो, त्या तर वारल्या ना? कागदावर तसं लिहिलंय."

"कागद काय, लागतात म्हणून करायचे," पोस्टमास्तरीण म्हणाली. "सगळं गाव त्यांच्या हाताखाली शिकलं. आता पडून असतात, एवढंच."

भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे नर्स वॉर्डात शिकली होती. इथे अख्खं गावच भ्रमात होतं, इतकाच फरक. ती सांगू लागली, बऱ्या आहेत. झोप लागली. थोडं खाल्लं. कोणाचं काय जातंय? लोकांचे चेहरे उजळायचे.

एके दिवशी दुकानात ती बोलून गेली, "डाव्या कुशीवर त्रास होतो त्यांना." आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिली, हे आपल्या तोंडी आलं कुठून?

तिने मागच्या खोलीचं दार उघडलं. खोकी भिंतीशी एकावर एक नीट लावलेली होती. गादीला मधोमध खळगा पडला होता. तिने हात ठेवला. गादी ऊबदार होती. उन्हाने तापलेली गादी वेगळी आणि जिच्यावरून माणूस नुकताच उठलाय ती वेगळी. हा फरक तिच्या हातांना झोपेतही कळला असता. त्या खिडकीला ऊन येतच नव्हतं.

ती पळाली नाही. हातांनी आपोआप चादर ताणली, सुरकुती काढली, उशी उजवीकडे सरकवली. मग मात्र बाहेर येऊन तिने दाराला कडी घातली.

चार दिवस तिने ते दार उघडलं नाही. पाचव्या दिवशी दुकानात पाचसात जणांनी एकदमच विचारलं, आणि तिचा तोल गेला. "बाई गेल्या! चार वर्षं झाली! त्या खोलीत कोणी नाही!"

दुकानदाराच्या हातातलं वजन तसंच राहिलं. कोणी चिडलं नाही. सुतार हळूच म्हणाला, "कधी? सकाळी?"

"तसं नाही हो, मला म्हणायचंय..."

पण सुताराने डोळ्यांना बाही लावली होती. दुकानदाराने फळ्या लावून घेतल्या. भर दुपारी सगळं गाव तिच्या घरी आलं. दोघं दोघं आत जात होती, रडत बाहेर येत होती. "नीट बघा तरी!" ती दारातून ओरडली आणि स्वतःच बघितलं. खाट रिकामी होती. खळगा भरून आला होता. तिने हात लावला, गादी थंडगार.

सुताराने लांब फळी आणली. तिच्यावर चादर घातली, सपाट, खाली काही नाही. सहा जणांनी फळी उचलली तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पायरीवर दुकानदाराचा पाय घसरला, फळी कलली, आणि नर्सने विचार न करता खांदा दिला.

वजन तिच्या हाडात उतरलं. पंचेचाळीस किलो, फार तर सत्तेचाळीस. तेवीस वर्षांत तिचा अंदाज कधी चुकला नव्हता. टेकडीमागच्या स्मशानात पोचेपर्यंत तिने खांदा काढला नाही.

भावाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "ताई, आत्ताच्या आत्ता निघ."

"खांदा काळानिळा झालाय रे," ती म्हणाली. "चार दिवस मी त्यांच्याकडे फिरकलेसुद्धा नाही."

संध्याकाळी पोस्टमास्तरीण येऊन बसली. नर्सने विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बघायला आला असतात. सांभाळायला नाही." मग तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. घर तुमचंच आहे."

नर्स राहिली. मागच्या खोलीत तिने शिवणयंत्र मांडलं. महिनाभर कोणी काही विचारलं नाही, आणि ती शांतता तिला खायला उठली.

मग एका सकाळी सुतार कुंपणापाशी आला. "आईला बरं नाही. याल का जरा?"

त्याची आई आहे हे तिने आजवर ऐकलंही नव्हतं. कधीपासून पडून आहेत, तिने विचारलं. तो बोटांवर वर्षं मोजू लागला आणि मधेच थांबला.

तिने पिशवी घेतली. त्याच्या घरी हात धुतले, आतल्या खोलीत गेली, आणि खाटेकडे न बघता शेजारी स्टूल ओढून बसली.

"नमस्कार आजी," ती म्हणाली, आणि नाडी बघायला हात पुढे केला.