लेबलाच्या कडेचा ओरखडा

कपडा कसा शिवलाय हे बघायचं असेल तर तो उलटा करावा, असं टाचणी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आली होती. वरून काय, इस्त्री फिरवली की कुणीही राजा दिसतो. आत धागे लोंबतात का, शिवण सरळ गेलीय का, ते खरं. एवढं शहाणपण फुकट वाटणारी ही बाई स्वतःच्या कपाटातली एक वस्तू मात्र चाळीस वर्षं सुलटीच बघत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. तरुणपणी ती दिवसभर शिवणाच्या दुकानात बसायची आणि संध्याकाळी रेकॉर्डिंग स्टुडिओत कोरसमध्ये गायची. मशीनवरून उठायची ती थेट माइकसमोर, त्यामुळे कॉलरला दोन-चार टाचण्या तशाच खोचलेल्या असायच्या. आवाजही तसाच होता, बारीक आणि टोकदार. संगीत देणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी “ए टाचणी” म्हणून हाक मारली आणि नाव चिकटलं. लग्नानंतर नवऱ्यानेही तेच उचललं. “अनुभवाशी जुळतं,” असं तो म्हणायचा.

‘परतीचं पत्र’ हे गाणं त्याच दिवसांतलं. ऐंशीच्या दशकात ज्यांनी प्रेम केलं त्यांनी ते ऐकलंच, आणि ज्यांना करायला जमलं नाही त्यांनी जास्त ऐकलं. संथ चाल, हलके हलके ड्रम, आणि शेवटी सगळं गाणं एक पायरी वर चढतं. तिथे ‘ये’ हे एकच अक्षर अकरा सेकंद वर टांगलेलं राहतं. गाणारी बाई त्या काळची फार मोठी गायिका. सगळं गाणं तिने सोन्यासारखं म्हटलं, पण त्या दिवशी तिचा घसा बसला होता आणि शेवटचा सूर काही केल्या लागेना. सात इंची छोटी तबकडी शुक्रवारी बाजारात यायची होती. कारखान्यातली यंत्रं ठरली होती, कव्हरं छापून झाली होती. सातव्यांदा सूर फाटला तेव्हा मास्तरांनी डोक्याला हात लावला आणि कोरसकडे वळून म्हणाले, “टाचणी, तू घे.”

टाचणीने घेतला. एका फटक्यात, अकरा सेकंद. मोठ्या बाईंनी जवळ येऊन तिचा हात दाबला. मग टाचणी धावत दुकानात परतली, कारण कुणाच्या तरी कोटाची बाही लावायची राहिली होती.

लेबलावर तिचं नाव आलं नाही. तिला त्याचं दुःख झालं का? थोडं झालं, खोटं कशाला सांगा. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हे. “बाईंनी चार मिनिटं गायलं, मी अकरा सेकंद. उगाच आपलंच घोडं पुढे कशाला दामटायचं?” असं ती म्हणायची. त्या गाण्याने तिला पुढची कामं दिली, त्यातून पहिलं मशीन आलं, मशीनवर घर उभं राहिलं. ती त्या गाण्याचे उपकार मानत होती. फक्त एक गोष्ट मनात टोचायची. शेवटचा सूर आपला आहे असं ती सांगायला गेली की माणसं “हो का?” म्हणून हसायची आणि चहाकडे वळायची. त्या दिवशी कुणीतरी आपल्याला नीट ऐकलं होतं का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट त्या तबकडीची. गाणं बाजारात आलं त्याच आठवड्यात कोरणारे काका तिच्या दुकानात आले होते. स्टुडिओत ध्वनिफितीवरून गाण्याची पहिली चकती कोरायचं काम त्यांचं. जाड चष्मा, कमी बोलणं. त्यांनी तबकडी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “लेबलाच्या कडेला बघा जरा.”

तिने बघितलं. गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं त्यामधल्या मोकळ्या काळ्या पट्टीवर एक खरखरीत ओरखडा होता. फुकट वाटायच्या प्रतींतली खराब निघालेली आपल्याला दिली आणि वर हा भला माणूस ते कबूल करतोय, असं तिला वाटलं. त्यांना अवघडायला नको म्हणून ती मनापासून म्हणाली, “असू दे हो काका. वाजते ना, मग झालं!”

काकांनी ओरखड्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. “पदरी पडलं पवित्र झालं,” असं म्हणून टाचणीने तबकडी कपाटात ठेवली.

यंदा, चाळीस वर्षांनी, तबकडीच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. तीच छोटी तबकडी, तेच कव्हर, सगळं पुन्हा निघणार होतं आणि मागच्या बाजूला या वेळी सगळ्यांची नावं छापायची होती. मुलगी बोलायला गोड होती, पण कामाला पक्की.

“आमच्या कागदावर फक्त ‘कोरस, सहा जणी’ एवढंच आहे,” ती म्हणाली. “शेवटचा सूर तुमचा आहे असं लिहायचं तर मला त्या वेळचा काहीतरी पुरावा लागेल, मावशी. सोमवारी कव्हर छापायला जातंय.”

त्या दिवशी बुधवार होता. मास्तर गेले होते, मोठ्या बाई गेल्या होत्या, कोरसमधल्या ज्या एकीचा पत्ता होता तिला आता स्वतःच्या मुलांचीही ओळख पटत नव्हती. टाचणीने दोन दिवस जुन्या वह्या, पाकिटं, फोटो उपसले. काही मिळालं नाही.

“राहू दे गं,” नवरा म्हणाला. “मला माहीत आहे ना.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही तेव्हा मला बघायलाही आला नव्हता.”

“तू रागावलीस की तोच सूर लागतो. लग्न झाल्यापासून ऐकतोय.”

ती हसली, पण डोळे भरून आले. शनिवारी तिने वह्या मिटल्या आणि ठरवलं की झालं ते पुष्कळ झालं. निदान तबकडी तरी पुसून ठेवावी. ती दुकानात गेली, मऊ फडकं घेतलं आणि कपडे घालून बघायच्या खोलीत उभ्या आरशासमोर दिव्याखाली तबकडी तिरकी धरून पुसायला लागली. फडकं नेहमीप्रमाणे ओरखड्याशी अडखळलं. सहज तिची नजर समोर आरशात गेली.

आरशात ओरखडा नव्हता. आरशात अक्षरं होती. बारीक, वाकडीतिकडी, पण सरळ वाचता येणारी.

‘शेवटचा सूर टाचणीचा. आभार.’

ती स्टुलावर बसली. पुन्हा उठली, पुन्हा धरली, पुन्हा वाचली. मग तिने अशी हाक मारली की रस्त्यापलीकडचा घड्याळवाला बाहेर आला. नवरा धापा टाकत आला आणि त्याने आरशात दोनदा वाचलं.

“हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात,” तो म्हणाला. “तुला मात्र लागला.”

कंपनीतल्या मुलीला फोटो पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन आला. फोटो बघून ती हरखली होती, पण काम ती विसरली नव्हती. “आमच्या संग्रहातल्या प्रतीवर हे नाहीच आहे, मावशी. कुणी कोरलं ते कळलं आणि त्यांनी हो म्हटलं, तर प्रश्नच मिटला.”

कुणी कोरलं ते टाचणीला माहीत होतं. ते हयात आहेत की नाही, एवढंच माहीत नव्हतं. मुलीने पेन्शनच्या यादीतून पत्ता काढून दिला, आणि रविवारी दुपारी टाचणी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तबकडी छातीशी धरून उभी राहिली. जिने चढून तिला धाप लागली होती. की ती भीती होती, कोण जाणे.

दार काकांच्या मुलीने उघडलं. “बाबांना कमी ऐकू येतं,” ती म्हणाली. “जाड आवाज कळतात, बारीक अजिबात नाही. समोर बसून सावकाश बोला.”

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. आता नव्वदीला टेकलेले, चष्मा आणखी जाड झालेला. शेजारी टेबलावर प्लेअर होता, त्यावर धूळ नव्हती. टाचणीने तबकडी त्यांच्या हातात दिली आणि पर्समधला छोटा आरसा लेबलाच्या कडेला धरला.

काकांनी वाचलं. मग तिच्या कॉलरकडे बघितलं. तिथे सवयीने दोन टाचण्या होत्या.

“टाचणीबाई,” ते म्हणाले. “उशिरा वाचलंत.”

“तुम्ही उलटं कशाला लिहिलंत?”

काका इतके हसले की मुलीने पाणी आणलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं. पहिली चकती ते कोरायचे तेव्हा कडेला सुईने आपली खूण करायचे. सगळेच कोरणारे करतात. पण लेबलावर तिचं नाव नाही हे त्यांना कळलं तेव्हा चकती हातातून गेली होती. तिच्यावरून धातूचा साचा तयार झाला होता, ज्याच्यावर दाबून तबकड्या निघतात. ते सकाळी लवकर कारखान्यात गेले, साचा यंत्रावर चढायच्या आधी दोन मिनिटं मिळाली, आणि त्यांनी घाईत सुई चालवली.

“साच्यावर सगळं उलटं असतं,” काका म्हणाले. “तिथे सुलटं लिहिलं की तबकडीवर उलटं उमटतं. शिकाऊ माणसालाही कळतं. पण चोवीस वर्षं सुलटं लिहायची हाताला सवय! तुमच्या दुकानात तुम्ही बघितलंत तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या हजारभर तबकड्या तशाच गेल्या. मग तो साचा झिजला आणि दुसरा चढला.”

“म्हणजे दोन्ही डाव्या बाह्या कापल्यात!” टाचणी म्हणाली. “कापड उलटायचं राहिलं की होतं तसं. मी चार वेळा केलंय.”

“अगदी तेच.”

“मग तेव्हा सांगायचं नाही का?”

“तुम्ही म्हणालात, वाजते ना, मग झालं. मला वाटलं, आपण आभार मानायला गेलो आणि गाढवपणा करून आलो. पुन्हा कोणत्या तोंडाने सांगू?”

“पण आभार कशाचे, काका? माझं तर कामच होतं ते.”

“त्या वर्षी हिची आई गेली होती,” ते मुलीकडे बोट दाखवून म्हणाले. “त्यानंतर मी गाणं ऐकतच नव्हतो. आवाज मोजणारा काटा लाल रेघेच्या पुढे जातो की नाही, एवढं बघायचो. दिवसाला आठ गाणी, एकही कानात शिरलं नाही. त्या दिवशी मी काचेपलीकडेच बसलो होतो, तुमचा सूर आला आणि मी काट्याकडे बघायचं विसरलो. अकरा सेकंद. संपलं तेव्हा कळलं की आपल्याला अजून ऐकू येतंय. संध्याकाळी घरी गेलो आणि खूप दिवसांनी हिच्याशी नीट बोललो.”

मुलीने मान हलवली. तिला ती संध्याकाळ आठवत होती.

चाळीस वर्षं आपण जिला खराब प्रत म्हणत आलो ती ही. तिने काकांचे दोन्ही हात धरले. “काका, तेव्हा म्हणायचं राहिलं,” ती म्हणाली. “फार उपकार झाले तुमचे. मला नीट ऐकल्याबद्दल.”

कंपनीतल्या मुलीला तिथूनच फोन लावला. काकांनी खणखणीत आवाजात साक्ष दिली. शेवटचा सूर, टाचणी, हे पक्कं झालं. मग टाचणीने फोन घेतला आणि बजावलं की चकती कोरणाऱ्याचंही नाव आलं पाहिजे, नाहीतर माझंही नको. मुलगी म्हणाली की ते यादीत आधीच आहे. “मावशी, नव्या तबकडीवर तो मजकूर सुलटा घालूया का? हौशी लोकांना आवडेल.”

“नको,” टाचणी म्हणाली. “घालायचाच तर होता तसाच घाला. ज्याला बघायचंय तो आरसा घेईल.”

निघायच्या आधी काकांनी तबकडी स्वतः प्लेअरवर ठेवली. सुई त्यांनी नेमकी पहिल्या रेघेवर टेकवली. गाणं सुरू झालं. काका डोळे मिटून, बोटांनी खुर्चीच्या हातावर ड्रमचा ठेका धरून ऐकत होते. ते जाड आवाज त्यांना पोचत होते. मग चाल एक पायरी वर चढली, वाद्यं मागे सरली आणि खोलीभर तो एकच सूर उभा राहिला, बारीक, तरुण, जरासुद्धा न हललेला. टाचणीला स्वतःचाच हेवा वाटला.

काकांची बोटं थांबली होती. त्यांनी डोळे उघडले आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

“आला का?” त्यांनी विचारलं.

“आला, काका,” टाचणी म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि खुर्चीत मागे टेकले.

“वाजते ना,” काका म्हणाले, “मग झालं.”